कासवाला कोण मत देणार?

माझ्या मुलीचं मत मी चोरलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिणं सोपं जाईल.

ती सतरा वर्षांची. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्रायमरी आमच्या टेक्सासमध्ये मार्चमध्ये होते आणि हिचा वाढदिवस येतो जूनमध्ये. काही राज्यांत नोव्हेंबरमधल्या मुख्य निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होणाऱ्या मुलांना प्रायमरीतही मत देता येतं. आमच्याकडे नाही. हा अन्याय तिनं जानेवारीपासून रोज जेवणाच्या टेबलावर मांडला आणि एके दिवशी तोडगाही काढला.

"बाबा, तुझं अजून ठरलेलं नाही ना? मग माझं मत तू दे."

खरंच ठरलेलं नव्हतं. नागरिकत्व मिळून मला तीनच वर्षं झाली होती आणि ही माझी पहिली प्रायमरी. मी हो म्हणालो. तिनं हात पुढे केला, मी हातात हात दिला. बायको साक्षीदार.

रिंगणात तेव्हा दोघंच उरले होते. आमच्या घरात त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. एक 'बाई' आणि एक 'उंच'. बाई आधी शाळेत गणित शिकवायच्या. प्रश्न विचारला की त्या त्याचं उत्तर द्यायच्या, ही त्यांची मोठी अडचण होती. उंच माणूस उंच होता. त्याचा जबडा चांगला होता आणि जत्रेत मक्याचं कणीस खाताना त्याच्या शर्टावर काही सांडत नसे. मुलगी अर्थातच बाईंची. तिनं अंगणात बाईंची पाटी रोवली होती आणि रविवारी दुपारी ती प्रचाराचे फोन करायची.

मलाही बाईच आवडत होत्या. हे महत्त्वाचं आहे, म्हणून वेगळं लिहितो. मला बाईच आवडत होत्या.

पण शनिवारी आम्ही डॉक्टरकाकांकडे चहाला जातो. काका ऐंशीच्या घरातले. आम्ही पाळण्यात होतो तेव्हा ते इथे आले. निवृत्त सर्जन आहेत, आणि आमच्या प्लेनो शहरातल्या आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना अमेरिका समजावून सांगणं हे त्यांनी निवृत्तीनंतरचं काम मानलं आहे.

"चाळीस वर्षं मी यांची पोटं उघडलीत," काका म्हणतात. "मला हे लोक आतून माहीत आहेत."

"मग आतून कसे असतात, काका?"

"आतून आपल्यासारखेच असतात रे. पण मत बाहेरून देतात ना."

त्या शनिवारी त्यांनी माझी परीक्षाच घेतली. "डोळे मीट. उंच माणूस पिकअप ट्रकला टेकून उभा आहे, असं डोळ्यांसमोर आण. आला?"

"आला."

"आता बाईला आण."

मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. बाई आल्या, पण ट्रकला टेकल्या नाहीत. "काका, त्या टायरमधली हवा तपासतायत."

"बघ!" काकांनी कपातलं बिस्किट माझ्यावर रोखलं. "हुशार आहे, मान्य. पण पडेल आहे रे, पडेल! आपल्याला आवडून काय उपयोग? त्यांना आवडायला पाहिजे."

'त्यांना' हा शब्द ऐकला की मी सरळ बसतो. बावीस वर्षं मी हेच करत आलो आहे. त्यांना आवडणार नाही म्हणून इथल्या पहिल्या इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी मी मिशी काढली. आत गेलो तर समोर बसलेल्या तिघांनाही मिश्या. ऑफिसच्या पहिल्या पॉटलकला, जिथे प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायचा असतो, मी मुद्दाम फिका पास्ता नेला. माझी मॅनेजर माझ्या ट्रेभोवती दोनदा फिरली आणि हिरमुसून म्हणाली, "मला वाटलं तू काहीतरी तिखट आणशील." दर वेळी अंदाज चुकला. तरी या विषयात आपल्याला कळतं, असा माझा समज मात्र वाढतच गेला.

या ज्ञानाची सगळ्यात मोठी शिक्षा मुलीनं भोगली आहे. पाचवीत ती वर्गाच्या अध्यक्षपदाला उभी राहिली. भाषण तिनं स्वतः लिहिलं होतं. शाळेच्या लायब्ररीत एक कासव होतं. ते एकटं असतं, म्हणून प्रत्येक वर्गानं आळीपाळीनं त्याच्याजवळ बसून मोठ्यानं पुस्तक वाचायचं, असं तिचं एकमेव आश्वासन होतं. मी ते वाचलं आणि म्हणालो, "बेटा, कासवाला कोण मत देणार? मुलांना पिझ्झा लागतो." कासव कापलं, पिझ्झा घातला. एक ओळ तर मी दोनदा घातली, ठसावी म्हणून. मुलगी पडली. जो मुलगा निवडून आला त्यानं वर्गात एक हॅमस्टर, म्हणजे गुबगुबीत पाळीव उंदीर, आणायचं आश्वासन दिलं होतं.

ती तेव्हा रडली नाही. गाडीत बसल्यावर फक्त म्हणाली, "यू कट माय टर्टल."

तर मतदान. जवळच्या कम्युनिटी सेंटरमध्ये मी ऑफिसला जाता जाता थांबलो. रांगेत माझ्या पुढे एक गृहस्थ होते. बूट, रुंद पट्टा, उन्हानं रापलेली मान. मी त्या मानेकडे बघत वीस मिनिटं उभा होतो आणि त्या मानेच्या मनात काय चाललं असेल याचा विचार करत होतो. मग माझा नंबर आला. पडद्यावर दोन्ही नावं एकाखाली एक होती. मला मुलगी आठवली. काका आठवले. ती मान आठवली. मनात आलं, बाई जिंकल्या आणि मग नोव्हेंबरमध्ये पडल्या, तर ते माझ्यामुळे. टेक्सासमधल्या एका मतानं अमेरिका बुडेल, असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं. मी उंच माणसाच्या नावावर बोट ठेवलं.

मतपत्रिका छापून बाहेर आली. ती दुसऱ्या यंत्रात सरकवेपर्यंत ती रद्द करून नवीन मागता येते. यंत्राशेजारच्या आजींनी विचारलंही, "ऑल गुड?" मी म्हणालो, "गुड." त्यांनी मला 'मी मत दिलं'चा स्टिकर दिला.

घरी मुलगी दारातच होती. "दिलंस?"

"दिलं."

हे खोटं नव्हतं. तिनं मला मिठी मारली. माझ्या शर्टावरचा स्टिकर अलगद सोडवला आणि आपल्या लॅपटॉपच्या पाठीवर, बरोबर मधोमध लावला. "माझं पहिलं मत," म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती तो लॅपटॉप शाळेत घेऊन गेली, सगळ्यांना दिसेल असा छातीशी धरून.

बायकोला जेवताना कळलंच. "तू ताटाकडे बघून जेवतोयस. उंच माणसाला दिलंस?"

मी आमटी ढवळत राहिलो. "तू कुणाला दिलंस?"

"मतदान गुप्त असतं," ती म्हणाली आणि मला आणखी भात वाढला. "पोरीला मात्र तूच सांग. मी सांगणार नाही आणि लपवणारही नाही."

आमच्या राज्यात उंच माणूस जिंकला, पण बाईंना लोकांनी धरलं होतं त्यापेक्षा बरीच जास्त मतं पडली. लढत पुढच्या, अजून मतदान व्हायच्या राज्यांत गेली. मुलगी दोन दिवस हळहळली, मग पुन्हा प्रचाराला लागली. मला वाटलं, आपलं खपून गेलं.

त्याच आठवड्यात पत्रपेटीपाशी शेजारच्या बाई भेटल्या. पंचाहत्तरीच्या, एकट्या राहतात, त्यांच्या घरावर बारा महिने झेंडा असतो. खरं सांगायचं तर गेली दहा वर्षं माझ्या डोक्यातला 'अमेरिकन मतदार' म्हणजे याच. काका जेव्हा 'त्यांना' म्हणायचे, तेव्हा मला यांचाच चेहरा दिसायचा.

त्या आमच्या अंगणातल्या पाटीकडे बघून म्हणाल्या, "वाईट वाटलं. मला ती गणिताची बाई फार आवडली होती."

"म्हणजे तुम्ही त्यांना मत दिलंत?"

"छे! तिला कोण देणार होतं?"

"आमची पाटी होती की अंगणात!"

"ती पाटी मुलीची आहे, हे दिसतंच," त्या हसल्या. "मी म्हटलं, तुम्ही इंजिनिअर लोक प्रॅक्टिकल. घरातली मोठी माणसं शेवटी त्या उंच माणसालाच देतील. मग माझं मत वाया कशाला घालवू?" मग जरा वाकून त्यांनी विचारलं, "बरोबर होतं ना माझं?"

मी होय म्हणालो. दुसरं काय म्हणणार? म्हणजे दहा पावलांवर राहणारी आम्ही दोघं, दोघांनाही एकच उमेदवार पसंत, आणि मी त्यांच्या भीतीनं आणि त्यांनी माझ्या भीतीनं दुसऱ्यालाच मत दिलं होतं. मधल्या कुंपणावरून एकदा विचारलं असतं तरी चाललं असतं.

शनिवारी मी काकांकडे जरा तावातच गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि बिस्किट बुडवलं.

"मी बाईला दिलं," ते म्हणाले.

"काका!"

"ओरडू नकोस, काकू झोपल्यात."

"अहो, पण पडेल कोण म्हणत होतं? ट्रक? टायर?"

"मग? टायरमधली हवा बघणारी बाई मला आवडली. तूच दाखवलीस." ते मुळीच ओशाळले नव्हते. "अरे, या वयात मी कशाला दुसऱ्याच्या मनानं मत देऊ? ते तुम्हा तरुणांचं काम."

मी त्रेपन्न वर्षांचा आहे.

त्यानंतर लपवणं अशक्य झालं. मला अपराध पचत नाही. माझा चेहरा लांब होतो आणि मी घरातले दिवे विनाकारण पुसायला लागतो. रविवारी सकाळी मुलगी मला शेजारच्या गावातल्या प्रचार कार्यालयात घेऊन निघाली होती. तिथून फोनच्या याद्या आणायच्या होत्या. गाडी ती चालवत होती. हायवेवर तिला समोर बघावं लागतं, माझ्याकडे बघता येत नाही, या भित्र्या हिशेबानं मी तिथे तोंड उघडलं.

"मी बाईंना मत दिलं नाही."

गाडी सरळच चालत राहिली. ती चांगली चालवते. "बाबा, तू हे मला सत्तरच्या स्पीडला सांगतोयस?"

"सॉरी."

"कुणाला दिलंस ते सांगू नको. मला माहितेय." पुढचा एक्झिट तिनं घेतला आणि एका पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी लावली. इंजिन बंद केलं. मग सगळं इंग्रजीत आलं, कारण राग तिला इंग्रजीतच येतो. तुला ती आवडत नव्हती का? आवडत होती. मग? मला वाटलं, लोकांना आवडणार नाही. कुठले लोक? मी शेजारच्या बाईंचं सांगितलं. काकांचंही सांगितलं. सांगताना वाटलं होतं, ती हसेल.

ती हसली नाही. काचेतून बाहेर बघत म्हणाली, "तू माझं कासव परत कापलंस."

सात वर्षं ते तिनं जपून ठेवलं होतं आणि मला वाटत होतं, ती विसरली.

"मला माझं मत परत नाही मिळणार," ती गाडी पुन्हा चालू करत म्हणाली. "पण पुढच्या राज्यांतले लोक अजून द्यायचेत. आजपासून फोन तू पण करणार."

प्रचाराच्या यादीत प्रत्येक नावापुढे एक आकडा घालतात. एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का विरोधात. सरावासाठी तिनं घरच्यांची एक यादी केली होती. त्यात माझ्यापुढे एक होता. माझ्या देखत तिनं तो खोडला आणि पाच लिहिला. बायकोपुढे प्रश्नचिन्ह होतं आणि ते तसंच राहिलं.

दुपारी आम्ही जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसलो. तिचा लॅपटॉप माझ्याकडे पाठ करून उघडा होता. स्टिकर अजून तिथेच होता. फक्त त्याचा एक कोपरा नखानं उचकटलेला होता, जणू काढायला घेतला आणि राहिला. मी फोन लावत गेलो. तिघांनी ठेवून दिला. चौथ्या फोनवर एक म्हाताऱ्या बाई होत्या, दूरच्या राज्यातल्या, मागे कुकरसारखं काहीतरी फुसफुसत होतं.

"मला तर ती आवडते," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगा हं, ती निवडून येईल का? इथल्या लोकांना आवडेल असं वाटत नाही."

समोर कागदावर याचं छापील उत्तर होतं. मी ते वाचायला घेतलं आणि थांबलो.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "या बाबतीत माझा अंदाज नेहमी चुकतो. माझी मुलगी पाचवीत होती तेव्हा..." आणि मी त्या अनोळखी बाईंना कासवाची सगळी गोष्ट सांगितली. पिझ्झा, हॅमस्टर, सगळं. मग परवाच्या मतदानाचंही सांगितलं. माझी इंग्रजी गडबडली.

समोर मुलीनं एका कानावरचा हेडफोन खाली सरकवला होता.

मग त्या बाईंनी विचारलं, "आणि त्या कासवाचं काय झालं?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मी फोनवर हात ठेवून मुलीकडे पाहिलं.

"आहे अजून लायब्ररीत," ती म्हणाली. "मी आठवी होईपर्यंत दर शुक्रवारी जायचे त्याला वाचून दाखवायला. तुला काय वाटलं, हरले म्हणून सोडून दिलं?"

मी ते फोनवर सांगितलं. त्या बाई हसल्या, बघते म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांच्यापुढे कुठला आकडा घालावा, मला कळेना. मुलीनं पेन माझ्या हातातून घेतलं, त्यांच्यापुढे दोन लिहिला. मग घरची यादी ओढली, माझ्यापुढचा पाच खोडला आणि तीन केला.

"तीन म्हणजे?"

"अनडिसायडेड," ती म्हणाली. "नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे. पुढचा नंबर लाव."