आईला बोलाव

आमच्या बाबांना सगळी गल्ली मास्तर म्हणते. शाळेतले नव्हे, शिवणकामातले. दुसऱ्यांचे कपडे कमी-जास्त करण्यात जन्म गेला त्यांचा. पँटची उंची कमी कर, कंबर सैल कर, फाटलेलं अस्तर बदल. पुढची खोली दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, आणि मशीनखाली कायमचा मुक्काम मुकादमचा.

मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. नाव आईनं ठेवलं, कारण स्वतः काडीचं काम न करता सगळ्यांवर नजर ठेवायचा. पण डोकं काय तल्लख! टेप म्हटलं की टेप आणायचा, खडू म्हटलं की खडू. 'फिरायला' म्हटलं की दाराकडे पळायचा, म्हणून आम्ही 'बाहेरचं काम' म्हणायला लागलो, तर पठ्ठ्या आठ दिवसांत तेही शिकला. मी दहावीला दोनदा बसले, त्यामुळे आई उठता-बसता मला त्याचा दाखला द्यायची.

बाबांना जवळचं नीट दिसत नाही. सुई ओवायचं काम आईचं. मशीनच्या खडखडाटात हाक मागे पोचायची नाही, म्हणून बाबा पायाशी बघून म्हणायचे, "मुकादम, आईला बोलाव." तो जाऊन तिची बाही ओढायचा. "आले रे बाबा, आले," करत ती यायची, सुई ओवायची, बाबांना दोन गोष्टी सुनवायची आणि जायची. अकरा वर्षं या माणसानं बायकोला स्वतः हाक मारली नाही. सगळा संसार कुत्र्यामार्फत.

आई दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. तिसऱ्या आठवड्यात सवयीनं बाबांच्या तोंडून निघून गेलं, "मुकादम, आईला बोलाव." तो उठला. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पलंगाखाली, परत स्वयंपाकघर. मग बाहेरच्या दाराला नखं घासत बसला. चार दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. बाबाही काम टाकून त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहायचे. मला ते बघवेना. डोकंच फिरलं माझं. म्हटलं, "बस्स झालं! यापुढे घरात आईचं नाव काढायचं नाही. मुक्या जिवाचे हाल करताय तुम्ही."

बाबा "बरं" म्हणाले आणि त्यांनी शब्द पाळला. तिचा आजार नाही, तिचे टोमणे नाहीत, काही नाही. कुणी गिऱ्हाईक तिची आठवण काढायला लागलं की मी डोळे वटारून गप्प करायची. हळूहळू बाबांचं बाकीचं बोलणंही आटलं. "उद्या या." "चहा ठेव." एवढंच. कामावर जायच्या आधी मी दहा सुया ओवून ठेवायची, संध्याकाळी त्यातल्या आठ तशाच असायच्या. आणि मी लोकांना सांगत फिरत होते, बाबा सावरले म्हणून. मेली माझी अक्कल!

अशी दोन वर्षं गेली. परवा माझ्या हातून पातेलं पडलं, सगळी आळी दचकली असेल, पण मुकादमचा कान हलला नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ठार बहिरा झालाय, बरेच महिने झाले असतील.

घरी येऊन मी बाबांना म्हटलं, "आता खुशाल काढा आईचं नाव. त्याला काही ऐकू येत नाही." मला वाटलं, सुटले बिचारे.

बाबांनी सुई हातात घेतली. "मुकादम, आईला बोलाव." तो झोपलेला. परत म्हणाले, मोठ्यानं. मग इतक्या जोरात ओरडले की समोरचा इस्त्रीवाला काम सोडून बघायला लागला.

"अहो बाबा, नाही ऐकू येत त्याला."

"ते चार दिवस घरात कुणीतरी तिला शोधत होतं गं," बाबा म्हणाले. "मला तेवढंच पुरत होतं. तू तेही बंद केलंस. आणि मी करू दिलं."

मी त्यांच्या हातातली सुई घेऊन ओवली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी घेतली नाही. खाली वाकले, मुकादमच्या कानाशी तोंड नेलं आणि तेच वाक्य हळू आवाजात म्हणाले. त्यानं झोपेतच कूस बदलली.