पान नऊ वाचणारी नलिनी

नलिनी घाडीगावकर अंधेरीतल्या एका सहकारी बँकेत एकतीस वर्षं काउंटरवर बसत होती. वडील गिरणी कामगार. दहावीला असताना गिरणीचा संप झाला, तेव्हापासून साहेबलोकांच्या आश्वासनांवरचा तिचा विश्वास उडाला तो उडालाच. वरून आलेलं प्रत्येक परिपत्रक ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. बाकीचे सही ठोकून फायलीला लावायचे.

बँकांचे नियम तपासायला सरकार दर काही वर्षांनी समिती बसवायचं. नलिनीने अशा चार पाहिल्या होत्या. चारही समित्यांनी तिला "काही अडचण?" असं विचारलं होतं, आणि उत्तर ऐकण्याआधी चहा आला होता.

पाचवी आली त्या मंगळवारी मॅनेजर हर्षद सकाळपासून कुंड्या हलवत होता. "मॅडम, आज तोंड उघडू नका ना, प्लीज."

नेमकी तेव्हाच वेसाव्याची मासळीवाली मंजुळा काउंटरवर आली. अंगठ्याचा ठसा जुळत नाही म्हणून दोन महिने तिचं खातं बंद होतं; शेजारच्या काउंटरवरून तिला परत पाठवत होते, नलिनीसमोर ती आज पहिल्यांदाच आली. "आंगठा मशिनीला दिसतच नाय, बाय. तीस वरसं बरफात हात. रेषा उरतील कश्या? होडीचं इंजिन दुरुस्तीला पडलंय नि पैसं हितं अडकलंय."

समितीच्या अध्यक्षांचे डोळे चमकले. दौऱ्यात एकदाचा खरा गरीब सापडला होता. "बघा! अशांसाठी नवा नियम हवा. लिहून घ्या." तिघांनी एकदम लिहून घेतलं.

"मेल्यांनो," नलिनी पुटपुटली आणि तिने फाईल काढली. "नवा कशाला, साहेब? गेल्या समितीने केलाय. पान नऊ. ठसा उमटत नसेल तर दुसऱ्या ओळखपत्रावर काम भागवावं. खाली सही तुमचीच आहे."

अध्यक्षांनी चष्मा लावून स्वतःची सही ओळखली. "हो, पण अंमलबजावणीचा अभ्यास व्हायला हवा..."

"मग करा ना. इथेच उभे राहा. दहा मिनिटांचं काम आहे."

तेवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता. केबिनमध्ये ढोकळा आला होता. नलिनीने मंजुळाचं मतदार ओळखपत्र घेतलं, अर्ज भरला, आणि आत जाऊन ढोकळ्याच्या बशीशेजारी ठेवून हर्षदची सही घेतली. खातं सुरू झालं.

"ही मानसं कोन गो?" पैसे कमरेला खोचत मंजुळाने विचारलं.

"नियम करतात."

"वाचायला येत नाय काय त्यांना?"

आठवड्याने नलिनीला मेमो मिळाला: वरिष्ठांसमोर उद्धट वर्तन. तिने खाली लिहिलं, 'मजकूर खरा आहे', आणि परत पाठवला. सोमवारी मंजुळा आणखी सात जणींना घेऊन आली. सगळ्यांची बोटं तशीच, गुळगुळीत. हर्षदने कपाळाला आठ्या घातल्या, पण सातही वेळा मान खाली घालून सही केली. आठवी मागाहून एकटीच आली: त्याच्याच घरी पापलेट घालणारी रुक्मिणी. तिच्या अर्जावर त्याने आठी न घालता सही केली.