सतराव्या प्रश्नाचं उत्तर

रुग्णालयात सगळे तिला काळजीवाल्या बाई म्हणत. खरं तर ती संशोधक. कॅन्सरमधून बरी झालेली माणसं पुढे मनानं कशी जगतात, हा तिचा अभ्यास. पण जी बाई कागद घेऊन दिसेल त्याला ‘काळजी वाटते का’ असं विचारते, तिला लोक दुसरं काय म्हणणार? तिची खोली पूर्वी कुबड्या ठेवायची होती. रबराचा वास अजून भिंतींतून गेला नव्हता, आणि खिडकी उघडली की समोर आणखी एक भिंत. बाहेरून कुणाला काही दिसायचं नाही, बऱ्या झालेल्या माणसाला तिथे बसून पोटभर रडता आलं असतं. म्हणूनच तिनं ती मागून घेतली होती. अडचण एवढीच, की कुणी रडायला तयार नव्हतं.

दोन वर्षांत दोनशे सहा जणांनी तिची अठ्ठावीस प्रश्नांची प्रश्नावली भरून दिली. दुखणं उलटेल अशी भीती वाटते का? कधीच नाही. एकटं वाटतं का? कधीच नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी पोटात गोळा येतो का? कधीच नाही. फक्त सतराव्या प्रश्नाला, झोप लागायला वेळ लागतो का, याला सगळ्यांचं एकच उत्तर होतं : क्वचित.

“एवढी सुखी माणसं तर माझ्या घरीही नाहीत,” विभागप्रमुख म्हणाले. “मग तुम्हाला खोली कशाला? शुक्रवारी अहवाल द्या, सोमवारी तिथे फायलींची कपाटं लावून टाकू.”

तिनं अहवाल लिहायला घेतला. त्या ‘क्वचित’वरच तिनं अकरा पानं खर्ची घातली. मेंदू, उशी, गादीचा कापूस, काही म्हणून सोडलं नाही.

“तू विचारतेसच तशी,” आई घरी म्हणाली. “पेन उगारून समोर बसलीस तर मीसुद्धा सांगेन, मजेत आहे म्हणून.”

गुरुवारी ती पाणी प्यायला बाहेर आली आणि खांबाआड थबकली. पलीकडच्या बाकावर मास्तर बसले होते. पाच वर्षांपूर्वी घशाच्या कॅन्सरमधून सुटलेले, शाळेतून निवृत्त झालेले. तपासणी सहा महिन्यांनी असायची, पण मास्तर त्या बाकावर रोज हजर. आज ते शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना आपल्या खरखरीत आवाजात काही समजावत होते.

“पहिली सोळा डोळे मिटून ‘कधीच नाही’. सतराव्याला ‘क्वचित’.”

“का हो? मला तर पडल्या पडल्या झोप लागते.”

“लागू दे. सगळंच बरोबर आलं की तपासणाऱ्याला कॉपीचा संशय येतो. एक थोडं चुकवायचं.”

“आणि भीती वाटते असं लिहिलं तर?”

“नापास. मग पुन्हा आत घेतात. सुया, सलाईन, सगळं पहिल्यापासून.”

खांबाआड तिला सगळ्यात आधी आठवली ती अकरा पानं. मग ती पुढे झाली. “मास्तर, जरा आत या.”

मास्तर खुर्चीच्या कडेवर बसले.

“ही परीक्षा आहे, असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

“छापील प्रश्न, वर नाव, वीस मिनिटं वेळ. आणखी काय लागतं?” त्यांनी कागदाच्या माथ्यावर बोट ठेवलं. तिथे तिनंच ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं : सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक.

ती जराशी मऊ पडली. “किती जणांना शिकवलंत?”

“बाहेरच्या बाई सोडून दोनशे पाच. दोनशे सहावा मी. एकही नापास नाही.” अभिमान लपवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण जमला नाही. “शाळेत असा निकाल उभ्या जन्मात लागला नव्हता.”

“त्याच निकालापायी ही खोली चाललीय, मास्तर. सगळेच ठणठणीत, मग इथे यायचं कुणी?”

मास्तरांनी खोली नीट पाहून घेतली. भिंत, खिडकी, खिडकीतली भिंत. “म्हणजे खरं लिहिलं तर आत घेत नाहीत?”

“नाही. इथे बसवतात. पाणी देतात. ऐकून घेतात.”

“बस?”

“बस.”

तिनं एक कोरी प्रश्नावली घेतली, वरची ठळक ओळ फाडली आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. मास्तरांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. पहिल्या प्रश्नाला हात सवयीनं ‘कधीच नाही’ लिहून गेला. मग त्यावर त्यांनी एकच सरळ रेघ मारली. “खाडाखोड चालेल?”

“चालेल.”

“रोज सकाळी उठलो की मी माझंच नाव मोठ्यानं घेतो. आवाज कालच्यापेक्षा बसलाय का, बघायला. सून म्हणते, बाबा हजेरी घेतायत.” ते थांबले. “हे कुठल्या प्रश्नात बसतं?”

“कुठल्याच नाही. समासात लिहा.”

ते लिहू लागले. तिनं विभागप्रमुखांना फोन लावला. “अहवाल उद्या मिळणार नाही. दोनशे सहा जणांची फेरपरीक्षा घ्यायचीय.”

“दोन महिने देतो,” पलीकडून आवाज आला. “नंतर कपाटं.”

तिनं फोन ठेवला, तोवर मास्तरांचा समास चारी बाजूंनी भरला होता. त्यांनी मान वर केली नाही, नुसता हात वर केला.

“बाई, पुरवणी.”

झोपेवरची अकरा पानं टेबलावरच होती. पाठकोरी होती. तिनं पहिलं उलटं करून त्यांच्यापुढे ठेवलं, आणि बाकीची हाताशी.