नव्या टायरपुढे चालणारा लालसू

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावरच्या बातम्या पुसून मी हे लिहून राह्यलो, कारण आज डोकं ठिकाणावर नाई.

दुपारी चांद्यातल्या माझ्या टायरच्या दुकानात एक लाकडाचा ठेकेदार आला, दोन सीटची लाल स्पोर्ट्स गाडी घेऊन. मागे डिक्कीवर त्याचा मजूर लालसू बसला होता. भामरागडच्या जंगलवाटेवर गाडीपुढे अनवाणी चालायचं आणि काटे वेचायचे, हे त्याचं काम.

ठेकेदाराने एकेक टायर दाबून, नखाने खरडून पाहिला. "बोरीचा काटा घुसला तर बदलून देशील?"

"देईन," मी म्हणालो. त्याने चारही जाडजूड टायर घेतले.

जुने काढले तसा लालसू म्हणाला, "मालक, एक मले द्या ना. चपला करतो."

ठेकेदार हसला. "येडा झाला का बे? चपला घातल्यावर तुले काटा टोचन कसा? न् तुले नाई टोचला, तं माह्या टायरले टोचन!"

मी एक जुना टायर लालसूकडे सरकवला. ठेकेदाराने तो बुटाने परत ढकलला.

टायर बदलून द्यायचा शब्द मी देऊन बसलो. लालसूचे पाय कोण बदलून देणार, सांगा?