तक्रार नसलेला विभाग

नरहरराव दाणी आणि एआय एजंट यांची पहिली भेट झाली तेव्हा रायपूरजवळच्या सिलतऱ्यातल्या लोखंड कारखान्याच्या भट्ट्या क्षणभर थंड पडल्या, आभाळात निघालेला धूर आल्या वाटेने खाली परतला आणि पार बीरगांवपर्यंत उभ्या असलेल्या ट्रकांचे हॉर्न आपोआप बंद झाले, असं कारखान्यातले लोक आजही शपथेवर सांगतात. खरं एवढंच, की नरहररावांनी खिशातला रुमाल काढून कीबोर्डवर पसरला आणि त्या रुमालावरूनच दोन बोटांनी टाइप केलं, ‘तू कोण?’

उत्तर आलं, ‘नमस्कार! मी आपला डिजिटल सहकारी. आज आपली काय सेवा करू?’

“शी!” नरहरराव म्हणाले. “हा तर पोरगी पाहायला आल्यासारखा बोलून राहिला!”

‘शी’ हा नरहररावांचा मूळ स्वर. दुसऱ्याच्या डब्यातली भाजी, थुंकी लावून उलटलेलं पान, गाडीच्या चावीने कान कोरणारे साहेब, सगळ्यांना एकच शी. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवऱ्याने पहिलं काय केलं असेल तर आपल्या हारावरच्या मुंगीकडे बघून नाक मुरडलं, असं विनोदिनीबाई सांगत. संसाराला तेहतीस वर्षं झाली, नाक अजून सरळ झालेलं नव्हतं.

पण त्याच नाकाने अभिलेख विभाग लखलखीत ठेवला होता. कारखान्यातला कुठलाही जुना कागद मागा, चार मिनिटांत धूळ झटकून तुमच्या टेबलावर हजर. विभागात माणूस एक, आणि तोच प्रमुख. दाण्यांच्या पाच पिढ्या रायपुरात कारकुनी करत आल्या. ‘प्रमुख’ म्हणावा असा हा पहिलाच निपजला. मे महिन्यात निवृत्ती होती. सत्काराची शाल त्यांना नको होती (शी, किती जणांनी हाताळलेली असते!), पण निवृत्तीच्या पत्रावर ‘अभिलेख विभागप्रमुख’ हे शब्द हवे होते. ते पत्र कुठल्या भिंतीवर लावायचं हेही ठरलेलं होतं.

भानगड अशी झाली, की रायपुरातल्या शंकर नगरच्या मुख्य कार्यालयाने तक्रारींसाठी एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. ज्याला जी अडचण, त्याने ती तिथे लिहायची, की ती त्या त्या विभागाकडे जाणार. होता होता त्यात ज्याने त्याने विभाग घुसडले आणि यादी चौसष्टवर गेली. तिथल्या शिशिरसाहेबांनी फर्मान काढलं: त्या सॉफ्टवेअरमधला एजंट यादी साफ करील, खरं-खोटं दाणी सांगतील, आणि वर्षभरात ज्या विभागाकडे एकही तक्रार आली नाही, तो काढून टाकायचा.

शेजारी संगणकवाली स्नेहल बसली. तिला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र हिंदीत येई.

‘भंडार, स्टोर आणि स्टोअर हा एकच विभाग दिसतो. एकत्र करू का?’ एजंटने विचारलं.

“एकच काहून?” नरहरराव उसळले. “भंडारात सुटे भाग, स्टोरमध्ये कोळशाचे कागद, अन् त्या दोघांचं भांडण झालं तवा तिसरं स्टोअर निघालं!”

“सर, यही टाइप कर दीजिए ना.”

“भांडण टाइप करू?”

मग यादीत वजनकाट्याजवळचा ‘नत्थूपारा’, म्हणजे नत्थूचा मोहल्ला, निघाला.

‘या विभागाचे प्रमुख कोण?’

‘नत्थू.’

‘या नावाचे कर्मचारी सापडत नाहीत.’

‘सात वर्षांआधी रिटायर झाला. त्याची खुर्ची आहे.’

‘समजलं. प्रमुख: खुर्ची. नोंद करू का?’

“नालीत हात घातल्यासारखं होऊन राहिलं मले,” म्हणत नरहरराव साबणाने हात धुऊन आले.

तिसऱ्या दिवशी त्यांना त्या गोडबोलेपणाची इतकी शिसारी आली, की त्यांनी वाचणंच सोडलं. एकतीस वर्षांत एकही कागद न वाचता पुढे न सरकवलेला माणूस खिडकीकडे तोंड करून ‘हो’ टाइप करू लागला.

‘खालील अकरा विभागांकडे वर्षभरात तक्रार नाही. कायमचे काढू का? कृपया यादी नीट वाचावी.’

“वाचावी म्हणे! काढ बापा एकदाची घाण.” आणि त्यांनी तीनदा ‘हो’ लिहिलं.

स्नेहल हळूच म्हणाली, “सर... सात नंबर देखिए.”

सातवा अभिलेख होता. जो विभाग चार मिनिटांत कागद देतो, त्याच्याविरुद्ध तक्रार करणार कोण?

नरहररावांनी रुमाल न पसरताच टाइप केलं, ‘परत आण.’

‘नवीन नोंद करता येईल. मात्र त्यासाठी विभागाविरुद्ध किमान एक तक्रार आणि मुख्य कार्यालयाची मंजुरी लागेल. मी दिलगीर आहे.’

तेव्हा नरहरराव तक्रारीची भीक मागायला निघाले.

“रीना, फाइल उशिरा देली म्हणून माह्याविरुद्ध लिहून दे.”

गेटपासची रीना गोंधळली. “खोटं कशी लिहू सर? तुम्ही तर मागायच्या आधीच देता.”

“मंग माग आता! देतच नाही मी.”

रीनाने दोन हजार नऊचं रजिस्टर मागितलं. नरहरराव खोलीत जाऊन रजिस्टरसमोर मुठी आवळून बसले. पहिलं मिनिट गेलं, दुसरं गेलं. चौथ्याला कपाळावर घाम आला. मग ते ताडकन उठले, धूळ झटकली आणि रजिस्टर रीनाच्या टेबलावर आपटलं. “शी! माणसाले ताटकळत ठेवायचं म्हणजे काय!”

शेवटी कॅन्टीनच्या वनमालाबाई धावून आल्या. “हव, मी लिहितो. मले तं खरीच तक्रार हाये.” त्यांनी लिहून दिलं: ‘अभिलेखचे दाणी सर रोज माह्या चहाले शी म्हणतात.’

एजंटने ती तत्परतेने वाचली. ‘चहाच्या दर्जाबद्दलची ही तक्रार कॅन्टीन विभागाकडे पाठवली आहे. धन्यवाद!’

शिशिरसाहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, “काका, मंजूर तो आप ही ने किया है. अर्जी भेज दीजिए, देखते हैं.”

अर्ज गेला. उत्तर आलं नाही. एकतीस मेला नरहरराव निवृत्त झाले. पत्रात विभागाच्या रकान्यात ‘इतर’ असं छापलेलं होतं.