खाकी कागदाआडचा बर्फ

शामरावकाका बहारीनमधल्या मनामा शहरात एका कपड्याच्या दुकानाची काच सजवायचे. मूळचे नागपूरचे. तिथे ते भीमजयंतीच्या मिरवणुकीसाठी चित्ररथ बनवायचे आणि रथ वस्तीबाहेर निघेपर्यंत त्यावर चादरी टाकून ठेवायचे. बायकोलाही डोकावू देत नसत. बहारीनला येऊन वर्षं झाली, पण सवय तीच राहिली. सेल जवळ आला की ते काचेला आतून खाकी कागद चिकटवत, काचेमागच्या अरुंद खोलीत शिरत आणि तिच्या छोट्या दाराला आतून कडी घालत. कडी त्यांनीच बसवली होती. सजावट दुकानातल्या लोकांनासुद्धा सेलच्या सकाळीच दिसायची.

मी त्यांचा शेजारी, एसीचा टेक्निशियन. त्या दुकानाचा एसी माझ्याकडेच असल्यामुळे ती खोली मला ठाऊक होती. तिला हवा यायला वाट नव्हती. दार उघडं असेल तेवढाच गारवा आत जायचा. दुपारी दुकान बंद झालं की मालक एसीही बंद करून जेवायला जायचा. काका मात्र नेमके त्याच वेळी काम करत.

गेल्या वर्षी, चौऱ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये मालकाने गरम कपड्यांचा जुना माल काढायला सेल लावला. काकांनी काचेत हिवाळा करायचा ठरवला: कापसाचा बर्फ, थर्माकोलची टेकडी, कोट घातलेले पुतळे आणि वर हॅलोजनचे दिवे. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं.

एका दुपारी ते घरी आले ते भिंत धरूनच. त्यांची बायको, सुमनकाकू, एका दवाखान्यात आया होत्या, उन्हाने पडलेले मजूर त्या रोज पाहत. त्यांनी मला बोलावून घेतलं. मी काकांना सांगितलं, कडी लावू नका, कागदात निदान डोळ्याएवढं भोक ठेवा, जाता-येता मी बघत जाईन.

"काऊन बे इंजिनिअर," काका हसले, "मांडवाआधी नवरीचं तोंड दाखवतेत का?"

पण काकू हसल्या नाहीत, तेव्हा ते भोकाला कबूल झाले. कडीचा विषय त्यांनी टाळला.

त्यानंतर दुपारच्या कामावर जाताना मी त्या भोकाला डोळा लावायचो. आत काका बनियनवर, पुतळ्याच्या गळ्यात मफलर गुंडाळत असायचे. मला पाहून हात हलवायचे, मग चिडून 'जा' अशी खूण करायचे. हळूहळू गल्लीतली पोरंही तिथे डोळा लावू लागली. दुकानातला सेल्समन शब्बीर मला हसत म्हणाला होता, चाचा बहुत गरम है आजकल.

सेलच्या आदल्या दुपारी मी गेलो, तर भोक आतून बुजवलेलं होतं. नवा कागद, व्यवस्थित चिकटवलेला. मी काच वाजवली. उत्तर नाही. काचेला हात लावला. ती आतून तापल्यासारखी गरम होती.

शब्बीर दुकानाच्या वरच्याच मजल्यावर राहायचा. त्याला उठवून दुकानाच्या दाराचं शटर उघडलं. छोटं दार आतून बंद होतं. दोघांनी लाथा घातल्या तेव्हा कडीचे स्क्रू उपटले. दिवे चालूच होते. काका बर्फात बसले होते, पुतळ्याच्या कोटाला डोकं टेकून. अंगावर घामाचा थेंब नव्हता. एवढ्या उकाड्यात घाम आटणं म्हणजे उष्माघात, तेच पाहून मी घाबरलो. बाहेर काढताना खाकी कागद टराटरा फाटला आणि रस्त्यावरची माणसं काचेशी गोळा झाली.

सलमानिया हॉस्पिटलात त्यांना शुद्ध यायला दोन दिवस लागले. तोवर सेल सुरू झाला होता. कापसात जिथे काका बसले होते तिथे खळगा तसाच राहिला होता. काचेपुढे गर्दी होती. एक बाई मुलीला सांगत होती, बघ, इथून कुणीतरी आत्ताच उठून गेलंय.

शुद्धीवर आल्यावर काकांनी पहिला प्रश्न काकूंना केला. "आधी कोणी पायलं त नाई ना?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग काकांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"नाई. कोणी नाई पायलं."

काकांनी समाधानाने डोळे मिटले.

आता ते परत कामावर जातात. उजवा हात थोडा थरथरतो, बाकी तब्येत बरी आहे. ती मोडकी कडी माझ्या टूलबॉक्समध्ये पडून आहे. काकूंनी ती टाकून दे म्हणून सांगितलं होतं, ते राहून गेलं. ईदचा सेल तोंडावर आलाय, खाकी कागदाची गुंडाळी दुकानात येऊन पडली आहे. काल जिन्यात काका भेटले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, मजबूत कडी कुठे मिळेल.