मुकल्ल्याची पैदाइश

कळंबात कुणी नवा माणूस बदलून आला, मग तो मास्तर असो, डॉक्टर असो की फौजदार, त्याची पहिली गाठ अवद चाऊसशी पडायची. आडत बाजाराच्या तोंडाशी तो उभाच असे. चौकड्यांची लुंगी, कमरेला रुंद चामडी पट्टा. सलाम करायचा आणि लेकाला खांद्याला धरून पुढं ओढायचा. "ये मेरा सालेह. मुकल्ला की पैदाइश." मुकल्ला हे अरबांच्या मुलखातलं दर्याकाठचं गाव. समोरच्याला ते कळत नसे. मग चाऊस पश्चिमेकडं हात लांबवून म्हणायचा, "समंदर के उस पार. अस्सल." बिचारा सालेह, मिशा आलेला गडी, मान खाली घालून उभा.

निजामाच्या राज्यात तालुक्याच्या खजिन्यावर अरबांचा पहारा असे. चाऊस त्यातलाच. तिकडं जन्मलेल्या अरबाला इकडं जन्मलेल्यापेक्षा जास्त मान, असं तो सांगायचा. म्हणून बायकोला दिवस गेल्यावर त्यानं लांब रजा काढली, तिला जहाजानं मायदेशी नेलं आणि पोरगं रांगायला लागल्यावर परत आणलं. पुढंमागं त्यालाही खजिन्यावर उभं करायचं, हा बेत. मग पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, खजिन्यावर दुसरे शिपाई आले. चाऊस आडतीतल्या पोत्यांची राखण करू लागला. मानेचा ताठा मात्र खजिन्यावरचाच राहिला.

मी धनगराचा पोरगा. आमच्या भावकीत पहिला बी.ए. मी झालो, आणि हे सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. शाळेत नोकरी लागली तेव्हा खोली मिळाली ती चाऊसच्या शेजारी. तो मला नावानं कधी हाक मारत नसे. "ओ बीए! तेरा बाप मेंढ्या राखता, मैं पोते राखता. दोनो चौकीदार. चाय पी." लवंग घातलेला काळा चहा पडद्याआडून यायचा. दिसायचा तो फक्त बांगड्यांचा हात. "अरब की बेटी है, हैदराबाद की," चाऊस म्हणायचा. "पराये मर्द से बात नहीं करती." त्याच्या बायकोचा, खैरूबीचा, आवाज मी कधी ऐकला नव्हता.

आणि एक दिवस तहसील कचेरीतून सालेहच्या नावानं नोटीस आली. जन्म परदेशात, सबब परदेशी. नागरिक असल्याचा पुरावा द्यावा, नाहीतर मुदतीत देश सोडावा. सालेह एका आडत्याचा ट्रक चालवायचा. अरबी त्याला नमाजापुरती येत होती. मला म्हणाला, "सर, तिथं जाऊन मी काय करू? भाकर मागायची तर कशी मागत्यात तेबी मला म्हाईत न्हाय."

बाजार मदतीला धावला. शिवलिंगप्पा आडते म्हणाले, "त्यात काय एवढं? पोरगं कळंबातच झालं म्हणून सांगू. मी पेढे खाल्लेत म्हणतो."

"अप्पा, तहसीलदार साहेब हजर झाले त्याच दिवशी चाचांनीच त्यांना सांगितलंय की, मुकल्ला म्हणून," एक हमाल म्हणाला, आणि सगळे हसले.

चाऊस हसला नाही. "पूरे बाजार को मैं ही बोला. अब झूठ बोलूँ तो मानेगा कौन?"

शेवटी मी साहेबांकडं गेलो. म्हटलं, बाप सरकारी नोकर होता. सरकारी नोकर रजेवर असताना त्याचं मूल बाहेर जन्मलं, तर त्याचा काही विचार नाही का? साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "कोणत्या सरकारचा नोकर, मास्तर? ते सरकार आता आहे कुठं? त्याच्या वतीनं दाखला मला कोण देणार?"

शाळेच्या कपाटात राज्यघटनेची इंग्रजी प्रत होती. ती घेऊन बसलो. इथं कायमचं घर केलेला माणूस स्वतः इथं जन्मलेला असावा, नाहीतर त्याच्या आईबापांपैकी कुणीही एक इथं जन्मलेलं असावं, असं त्यात होतं. मी धावतच चाऊसकडं गेलो. "चाचा, सुटलो! चाची हैदराबादच्या ना? मग तेवढं सांगा आणि पुरावा द्या."

त्याचा चेहरा उतरला. "माँ या बाप?"

"व्हय. दोघांतलं कुणीबी."

"किसने लिखा ये?"

"पुष्कळ जणांनी मिळून."

"उनमें बाप कोई नहीं था?" तो ताडकन उठला. "बच्चा बाप का होता है, बीए. औरत का गाँव कचेरी में नहीं बोलते." तेव्हापासून त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. मुदत सरत चालली होती. पुराव्याचं नाव काढलं की तो उठून आडतीत जायचा.

मग एका दुपारी पडद्याआडून हाक आली. "भाऊ, कायद्यात काय लिवलंय ते मला सांगा."

मी दचकलो. बोलणं आमच्या गावाकडचं, अगदी माझ्या आईच्या तोंडचं. मी सांगितलं.

"कशाची अरब अन् कशाचं हैदराबाद. म्या ईट गावची. माझा बाप पिंजारी. खजिन्यावरच्या पहाऱ्याच्या गाद्या भराया कळंबला आला, संगं मी. ह्यांनी मला मागितलं. निकाह हितंच झाला. बोली एकच, माहेराचं नाव तोंडातनं काढायचं न्हाय. न्हाय काढलं. माझा भाऊ एकदा दारात आला, तर ह्यांनी वळख दिली न्हाय. तेबी गिळलं. पर आता लेकरू जहाजात घालाय निघाल्यात. आता न्हाय गिळत. उद्या म्या जाते कचेरीत."

"तू नहीं जाएगी." चाऊस दारात येऊन उभा होता. केव्हापासून, कोण जाणे.

"मग कोण जाईल?" पडदा बोलला.



दुसरा दिवस बाजाराचा. कचेरीच्या दारात ही गर्दी. चाऊस साहेबांपुढं खजिन्यावर उभा राहावा तसा उभा राहिला. अंमलदारापुढं जन्मभर उर्दू बोललेला हा माणूस मराठीत बोलला. "साहेब, पोरगं आईचं हाय. आई ईटची. पिंजाऱ्याची लेक."

"अरबाचा पिंजारी झाला की रे!" दारातून कुणीतरी ओरडलं. हशा उठला. चाऊसची मान तसूभर वळली नाही. लुंगीला घट्ट धरलेली त्याची मूठ मला मात्र दिसत होती.

ईटच्या पाटलाचा जबाब आला, खैरूबीच्या भावानं साक्ष दिली, आणि सालेह इथला ठरला. साहेब चाऊसला म्हणाले, "तुम्हीही अर्ज करा. इतकी वर्षं इथं काढलीत. मुकल्ल्याशी आता माझा संबंध नाही, एवढं लिहून द्या."

"बेटा दिया, साहब. औरत का नाम भी दिया," चाऊस म्हणाला. "उधर माँ की कबर है. वो नहीं लिखता."

मी समजावलं, सालेहनं पाय धरले. पण नाहीच. असं ते घर झालं: बायको इथली, लेक इथला, आणि घरधनी परदेशी. ठाण्यात हजेरी द्यायची, आणि तालुक्याबाहेर जायचं तर, अगदी शेजारच्या तालुक्यातल्या ईटला सासुरवाडीला जायचं तरी, आधी अर्ज करून परवानगी घ्यायची. "अपने ही दामाद से कोई इजाजत मँगवाता क्या?" असं म्हणून त्यानं तो अर्ज कधी केला नाही.

साक्षीच्या निमित्तानं माहेर उघडलं होतं. खैरूबीचा भाऊ तिला न्यायला आला. चाऊस स्वतः तिचं गाठोडं घेऊन एसटी स्टँडवर आला. कंडक्टर म्हणाला, "चाचा, चढा की. ईट काय लांब हाय का?"

"तेरे लिए नहीं है," चाऊस म्हणाला.

मेव्हणा खिडकीशी बसला होता, अवघडून. ज्याला एकदा ओळख दिली नव्हती, त्याच्या हातात चाऊसनं गाठोडं दिलं. "सालेसाहब, जल्दी वापस भेजना. मुझे चाय बनानी नहीं आती." बुरख्याआड खैरूबी हसली की रडली, ते कळलं नाही. गाडी सुटली. धुरळा बसेपर्यंत तो उभा होता.

पुढं माझी बदली झाली. सालेह उमरग्याला राहू लागला, तिथं त्याला लेकरं झाली. खैरूबी जाऊन येऊन असायची. चाऊस कळंबातच राहिला, त्याच खोलीत. तो गेल्याचं मला कळलं तेव्हा मी कळंबला पोचलो. जनाजा निघाला होता. खांदा द्यायला ईटहून पिंजाऱ्यांची पाच-सहा माणसं आली होती. ज्या गावानं त्याला खांदा दिला, ते गाव त्यानं कधी पाहिलं नव्हतं.